साडेदहाचा हिशोब

म्हमाणे भाऊसाहेब लॉगबुकात बोट ठेवून विचारतात,
तेरा देणारी गाडी साडेदहावर कशी आली?
रोजचे अडीच किलोमीटर
कुठं सांडून येतोस रे, लतीफ?

काय सांगू त्यांना.

मागच्या हस्तात गाडीचे टायर टकले होते.
भंडारकवठ्याच्या काळ्या रानात रुतली ती रुतलीच.
मी पोती घातली, दगड घातले, बाभळीच्या फांद्या घातल्या,
चाक जागच्या जागी फिरत लोणी काढत राहिलं.
हत्तुरे डॉक्टरबाई पेटी डोक्यावर घेऊन
अनवाणी गेल्या, दीड कोस.
म्हैस वाचली.
रेडकू नाही.

मग अक्कलकोट रोडला येमूलकडून
हे चार घेतले, चिखलाचे, बटणवाले.
खाचेत करंगळीचं अख्खं पेर बुडायचं.

राजमल्लू येमूल आधी टॉवेलच्या मागावर होता.
टायरवर तळहात फिरवतो तो कापड बघितल्यासारखा.
म्हणाला, "टेरी टॉवेल बघितलायस न्हवं?
फंदे उंच, तर पाणी जास्त पितंय.
ह्याची बटणं उंच,
हे डिझेल पितंय.
एकेक बटण डांबराला टेकलं की वाकतंय,
सुटलं की ताठ होतंय,
परत वाकतंय.
दिवसभर नमस्कार घालायला लावल्यावर
घाम येणार का न्हाई?
तो घाम तुझ्या टाकीतला."

मला पटलं नाही. मंद्रूपला थांबून हात लावला.
ताप आलेल्या कालवडीचा कान
असा लागतो हाताला.

विजापूर रोडला साठच्या वर गेलं
की चारी चाकं घुमायला लागतात.
डॉक्टरबाई फोनवर ओरडतात,
"मोठ्यानं बोला ओ, इथं कारखाना चालू आहे!"
येमूल मात्र दुकानातून नुसतं ऐकून सांगतो,
मागचं डावं, हवा चार पॉइंट कमी.

भाऊसाहेबांना एक गोष्ट मी मांडून बघितली:
चाक आधीपेक्षा उंच आहे,
एका फेरीत जास्त वाट कापतं,
मीटर बिचारं जुन्या चाकाच्या फेऱ्या मोजतं.
म्हणजे अडीचातला थोडा तोटा नुसता कागदावरचा.
ते म्हणाले, कागदावरचा म्हणजेच खरा.

रात्री मीच हिशोब घातला.
वर्षात चिखलाचे दिवस सतरा.
बाकी सगळं डांबर, मुरूम, पंपावरची रांग.
सतरा दिवसांसाठी वर्षभर
प्रत्येक लिटरमागं अडीच किलोमीटर जाळायचे?
वजाबाकी बरोबर येत होती.
मग आठवलं, त्या दिवशी बाई परतल्या
तेव्हा त्यांच्या कोपरापर्यंत काय लागलं होतं.
वही मिटली.

हे झालं दोन वर्षांपूर्वीचं.

मधे काही न करता आकडा चढायला लागला.
साडेदहाचे अकरा. अकराचे साडेअकरा.
गाडीचा आवाज उतरला,
डॉक्टरबाई फोनवर हळू बोलू लागल्या.
या महिन्यात बाराला दोन पॉइंट कमी.
म्हमाणे भाऊसाहेबांनी लाल पेनानं बरोबरची खूण केली,
चहा सांगितला,
म्हणाले, सुधारलास.

चहा पिऊन मी खाली आलो, गाडीपाशी उकिडवा बसलो.
खाचेत करंगळी घातली.
नखच बुडतंय.

नवे मागायला जावं, तर कोणत्या तोंडानं?
आकडा इतका चांगला कधीच नव्हता.

परवा हस्त लागतोय.
ऑफिसच्या भिंतीवर कॅलेंडर आहे,
त्यात लिहिलंय, वाहन: म्हैस.
म्हणजे भरपूर.
तेलगावहून सकाळी एक फोन येऊन गेला,
गाभण आहे, दिवस भरलेत, बाईंना सांगून ठेवा.

सांगितलं.
पोती धुऊन मागच्या सीटखाली टाकलीत.